ट्रिस्टन दा कुन्हाचे दमेकरी

१४. ट्रिस्टन दा कुन्हा : दक्षिण अटलांटिक महासागरातले ज्वालामुखीजन्य बेट. १८१६मध्ये ब्रिटिशांनी येथे बसवलेले लष्करी ठाणे वर्षभरातच उठले. विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल मात्र कुटुंबासह मागे राहिला. आजचे बेटकरी मुख्यतः त्याचे आणि नंतर आलेल्या मोजक्या स्त्री-पुरुषांचे वंशज. त्यामुळे ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो, लाव्हारेलो एवढ्याच आडनावांत बराचसा गाव आटोपतो. १८५३मध्ये ग्लास वारल्यावर अनेक कुटुंबांनी बेट सोडले. १८८५मध्ये एका जहाजाला गाठायला निघालेल्या होडीतले पंधरा पुरुष परतलेच नाहीत. दोन्ही वेळा माणसांबरोबर जनुकांची विविधताही घटली आणि उरलेल्यांचा वाटा पुढच्या पिढ्यांत वाढला. १९६१च्या उद्रेकामुळे सगळे गाव इंग्लंडला हलवले गेले. तेथील तपासण्यांत दम्याचे प्रमाण असाधारण आढळले. मूळ वसाहतकारांपैकी काहींना दमा असावा, असे संशोधक मानतात. दम्याच्या जनुकांचा जगण्याला काही उपयोग होता म्हणून ती टिकली, असे नव्हे. ती मूठभर पूर्वजांबरोबर योगायोगाने आली आणि आपसातल्या लग्नांमुळे पसरली. यालाच ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात. नैसर्गिक निवडीशी त्याची गल्लत करू नये. — संपा.