अपंगत्व गुडघ्यात की पायरीत?

वार्धक्यात माणूस परावलंबी का होतो, असे कोणी विचारले तर आपले उत्तर ठरलेले असते : गुडघे गेले, दृष्टी मंदावली, हात कापू लागले. दोष सारा शरीराचा! परंतु तेच गुडघे सपाट रस्त्याने माणसाला देवळापर्यंत किंवा चर्चपर्यंत नेतात आणि घराच्या उंच पायऱ्यांपाशी मात्र त्याला अडवून धरतात. मग अपंगत्व गुडघ्यात मानावयाचे की पायरीत? या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. पण तो उद्बोधक आहे.

१९६३ साली दोन महत्त्वाची कामे प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे या सहा कृतींवरून माणसाचे स्वावलंबन मोजण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ या वास्तुविशारदाने, स्वतः पोलिओने अधू झालेला असताना, अपंगांसाठी इमारती कशा बांधाव्यात यावर ग्रंथ लिहिला. एकाने माणूस मोजला, दुसऱ्याने घर मोजले. दोन्ही मापे एकत्र आणण्याचे काम राहिले होते.

ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन आणि ल्यूसिल नाहेमो यांनी १९७३ साली हाती घेतले. माणसाची शक्ती आणि परिसराची मागणी यांचा मेळ बसला तर माणूस सुखाने वावरतो, असा त्यांचा सिद्धांत. मागणी फार झाली तर तो खचतो. आणि अगदीच कमी झाली तर त्याची उमेदही मंदावते. शक्ती जितकी क्षीण, तितका परिसराचा प्रभाव अधिक. म्हणूनच दुबळ्या माणसाला भिंतीवरील एक दांडीही मोठा आधार होते.

पुढे स्वीडनमधील सुझान इवार्सन यांनी घर आणि माणूस यांचा मेळ तपासण्याचे साधन तयार केले. २००२ साली सुरू झालेल्या एका युरोपीय अभ्यासात स्वीडन, जर्मनी, ब्रिटन, हंगेरी व लाटव्हिया येथील ७५ ते ८९ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या १,९१८ वृद्धांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घरात अडथळे किती, या संख्येपेक्षा ते त्या विशिष्ट माणसाला किती अडवतात, याचाच संबंध त्याच्या स्वावलंबनाशी व स्वास्थ्याशी अधिक दिसून आला. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या नव्या वर्गीकरणात परिसराला अपंगत्वाचा एक घटक म्हणून स्थान दिले होते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले. परंतु वृद्धाचा दिवस जातो तो कचेरीत नव्हे, तर घरात. गोव्यातील उंच जोत्यावरची घरे काय किंवा इंदूर-ग्वाल्हेरकडील अरुंद, उभ्या जिन्यांचे जुने वाडे काय, त्यांच्या रचनेला त्या त्या काळी सबळ कारणे होती. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच झाले. जागा वाचावी म्हणून जिना उभा झाला. ही घरे बांधणारे चुकले नाहीत. पण त्यांत राहणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत.

तेव्हा घर पाडण्याची गरज नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न्हाणीघरात धरण्यास भक्कम दांडी व बसण्यास चौरंगाऐवजी उंच बैठक, रात्री वाटेवर दिवा, एवढ्यानेही पुष्कळ साधते. मात्र आधी त्या माणसाला विचारावे आणि तो घरात कसा वावरतो ते पाहावे. कारण ज्याला आपण म्हातारपण म्हणून मुकाट्याने स्वीकारतो, त्याचा काही भाग सुताराच्या आणि गवंड्याच्या एका दिवसाच्या कामाने दूर होण्यासारखा असतो.