मुक्तीचा कायदा, तोही हप्त्याहप्त्याने

१ मार्च १७८० : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने फिलाडेल्फियात गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा ३४ विरुद्ध २१ मतांनी संमत केला. त्या दिवशी मात्र एकही गुलाम सुटला नाही. मालकाने रीतसर नोंदवलेला गुलाम आयुष्यभर गुलामच राहिला आणि यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मणाऱ्या मुलालाही वयाच्या २८ वर्षांपर्यंत मालकाकडे राबणे भाग पडले. म्हणजे मालकांना भरपाई मिळाली आणि ती फेडली या मुलांनी, आपल्या ऐन उमेदीच्या वर्षांनी. सुधारणा हळूहळू व्हावी असे आजही बजावले जाते, तेव्हा थांबायचे कुणी, हे या कायद्याकडे पाहून विचारलेच पाहिजे. एवढी तडजोड नसती तर कायदाच झाला नसता, असे त्याचे समर्थन होते. ते अगदीच पोकळ नाही; मालकांचा विरोध खरा होता आणि न्यूयॉर्कनेही १७९९ मध्ये हीच वाट धरली. पण दुसरी वाट नव्हतीच, हे मात्र खरे नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८३ मध्ये न्यायालयाने राज्यघटनेतील समतेचे कलम गुलामांनाही लागू मानले आणि १७९० च्या जनगणनेत तिथे एकाही गुलामाची नोंद झाली नाही. पेनसिल्व्हेनियात उरल्यासुरल्यांच्या कायदेशीर सुटकेला १८४७ साल उजाडले.