दहा-सात म्हणजे नक्की काय? चुन्याच्या घाणीपासून बॅचिंग प्लांटपर्यंत

आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय ऐकायला रुक्ष आहे: मिक्सर. स्वयंपाकघरातला नाही, कारखान्यातला आणि बांधकामावरचा. आणि तो चालतो कसा यापेक्षा, तो विकत घेताना कागदावर काय लिहायचं, हा.

आता मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस, मला यात काय रस? तर रस असा, की आमच्याकडेही निम्मी भांडणं 'तुम्ही लिहिलं होतं एक आणि तुम्हाला हवं होतं भलतंच' या एका वाक्यावर येऊन थांबतात. सिन्नरला मुसळगाव आणि माळेगाव अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत. अशा कुठल्याही वसाहतीत समजा एका छोट्या उद्योजकाने ऑर्डर दिली: 'मिक्सर, ५०० लिटर, स्टेनलेस स्टील'. आता सांगा, हे ५०० लिटर कशाचे? भांड्यात काठोकाठ मावणाऱ्या पाण्याचे? आत टाकायच्या कच्च्या मालाचे? की बाहेर पडणाऱ्या तयार मालाचे? तिन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि तिन्हींच्या किमती वेगळ्या. कर्ज काढून घेतलेलं मशीन पुढची दहा-पंधरा वर्षं याच एका ओळीवर चालणार असतं.

ही ओळ कशी लिहायची हे लोक हळूहळू शिकले. तो प्रवास बघूया.

घाणी: वेळ आणि फेऱ्या

सिन्नरचं गोंदेश्वर आपण सगळ्यांनी पाहिलंय. यादवकाळातलं, भूमिज शैलीचं, पंचायतन. ज्याला आपण ढोबळमानाने हेमाडपंती म्हणतो त्या बांधकामात दगड दगडावर बसतो तो घडाईच्या आणि वजनाच्या जोरावर. सांध्यात चुना नाही. म्हणजे मिसळण्याचा प्रश्नच नाही. सगळं कौशल्य छिन्नीत.

चुना आला की मिसळणं आलं, आणि मिसळणं आलं की घाणी आली. आपल्या बऱ्याच किल्ल्यांवर ती अजून दिसते: जमिनीत गोल दगडी चर आणि बाजूला पडलेलं जड दगडी चाक. बैल गोल फिरायचे, चाक चरातून फिरायचं, आणि चुना, वाळू किंवा विटांची सुरखी पाण्याबरोबर रगडून निघायची.

बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांत या घाणीची मापं चक्क दिलेली असतात. चराची त्रिज्या ३ ते ४.५ मीटर, रुंदी साधारण ३० सेंटिमीटर, खोली साधारण ४० सेंटिमीटर. एका घाण्यातून सुमारे १.७ घनमीटर माल, आणि त्याला सुमारे ६ तास.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घ्या. 'माल चांगला मिसळला' म्हणजे काय, हे इथे कोणी मोजत नाही. मोजतात तो वेळ किंवा बैलांच्या फेऱ्या. म्हणजे निकालाऐवजी कृतीची अट. ही अट तपासायला सोपी. मुकादम झाडाखाली बसूनही फेऱ्या मोजू शकतो. आणि चुना सावकाश घट्ट होणारा, त्यामुळे तासभर जास्त रगडला तर बिघडत नाही, उलट बरंच होतं.

ही पद्धत कच्ची होती असं समजू नका. शेजारच्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं दगडी धरण १९२६ साली पूर्ण झालं. उंची ८२ मीटर, आणि बांधकाम चुन्यातलं.

सिमेंट आलं आणि घड्याळ उलटं झालं

१९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत चुना मागे पडला. सिमेंटमुळे मिसळण्याच्या अटीच बदलल्या. साध्या सिमेंटसाठी भारतीय मानक सांगतं की घट्ट होण्याची सुरुवात पाणी घातल्यापासून ३० मिनिटांच्या आत होता कामा नये. आता सहा तास रगडून कसं चालेल? घाणी तिथेच संपली. फिरणारा ड्रम आला, आणि तासांची जागा मिनिटांनी घेतली. आपल्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत, मिक्सरमध्ये निदान २ मिनिटं मिसळा असं मार्गदर्शन आहे.

आता येतो आपल्या शीर्षकातला 'दहा-सात'. स्लॅबच्या दिवशी रस्त्यावर दिसतो ना, हॉपरवाला मिक्सर? ठेकेदार त्याला दहा-सात म्हणतो. याचा अर्थ: १० घनफूट सुका माल आत, ७ घनफूट ओलं काँक्रीट बाहेर. मग ३ घनफूट गेले कुठे? कुठेच नाही. खडीमधल्या मोकळ्या जागेत वाळू बसते, वाळूतल्या मोकळ्या जागेत सिमेंट आणि पाणी.

आणि १० च का? हिशोब करून बघा. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. एकास दोनास चार या प्रमाणात ३५ सिमेंट, ७० वाळू, १४० खडी. बेरीज २४५ लिटर. १० घनफूट म्हणजे २८३ लिटर. एक गोणी आरामात बसते, दोन बसत नाहीत. पाच-साडेतीनचा छोटा मिक्सर अर्ध्या गोणीचा. म्हणजे मशीनची साइज गोणीशी जुळते. अर्धी गोणी फोडून मोजत बसायचं नाही, हा साइटवरचा खरा हेतू.

दोन आकड्यांचं हे नाव मला फार प्रामाणिक वाटतं. आत किती आणि बाहेर किती, दोन्ही नावातच. गोंधळ होतो तो एकच आकडा उरतो तेव्हा. 'दहाचा मिक्सर' म्हणून विकलेलं आणि 'सातचा' म्हणून विकलेलं मशीन एकच असू शकतं.

१९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, मेट्रिक पद्धत आली, आणि मानक संस्थेने यावर निर्णय दिला. मिक्सरचं मानक आयएस १७९१. त्यात साइज एकाच आकड्याने सांगतात, पण तो आकडा कशाचा हे ठरवून टाकलंय: तयार, मिसळलेल्या काँक्रीटचे लिटर. पुढे प्रकार: टी म्हणजे कलंडणारा, एनटी म्हणजे न कलंडणारा, आर म्हणजे उलट फिरून माल टाकणारा. आपला दहा-सात मेट्रिकमध्ये १९८ लिटरचा, म्हणजे मानकातल्या २०० च्या जवळपास. भांडं केवढं आहे ते तुमचं तुम्ही बघा, मला बाहेर किती मिळणार ते सांगा, असा तो बदल. घेणाऱ्याच्या बाजूने दिलेला निर्णय आहे हा.

कारखान्यात प्रश्न अवघड होतो

काँक्रीटचं सुख असं की माल ठरलेला. कारखान्यात आज रंग, उद्या गोंद, परवा पावडर. इथे 'किती लिटर' पुरत नाही, 'कशाचे लिटर' लागतं.

पातळ द्रवात पंखा फिरवण्यावर जे. एच. रश्टन आणि सहकाऱ्यांचं १९५० सालचं काम पायाभूत मानतात. त्याचा सार सोप्या भाषेत: प्रवाह खळबळीचा असेल तर लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि पंख्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्के वाढवला तर शक्ती ३३ टक्के जास्त. व्यास १० टक्के वाढवला तर ६१ टक्के जास्त! आता कोटेशनमध्ये फक्त 'मोटर ५ एचपी' लिहिलं असेल आणि पंख्याचा व्यास नसेल, तर तुम्हाला नक्की काय मिळणार हे कळायला मार्गच नाही. दोन कोटेशनांची तुलनाही होत नाही. आणि माल घट्ट असेल, मधासारखा किंवा ग्रीससारखा, तर हा नियम लागूच पडत नाही. म्हणून मालाची दाटी आणि घनता आधी लिहायची, मशीन नंतर.

पावडरीचं आणखी वेगळं. तिथे जास्त वेळ फिरवलं की जास्त चांगलं, हा घाणीचा नियम उलटू शकतो. दाण्यांचा आकार वेगवेगळा असेल तर मिसळलेला माल पुन्हा वेगळा व्हायला लागतो. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात, तसंच. पी. एम. सी. लेसी यांनी १९५४ च्या लेखात मिश्रण आकड्यात मोजण्याची रीत मांडली: ठिकठिकाणचे नमुने काढा आणि त्यांच्यात फरक किती ते बघा.

पण नमुना केवढा घ्यायचा? बादलीभर घेतला तर सगळंच एकसारखं दिसतं. १९९३ साली न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात औषधांच्या एका खटल्यात हाच मुद्दा आला. न्यायमूर्ती आल्फ्रेड वोलिन यांच्या निकालात नमुना एका गोळीच्या मात्रेच्या तिप्पटपर्यंत असावा असं आलं. कारण सरळ आहे: रुग्ण एक गोळी घेतो, बादली नाही.

मग ऑर्डरमध्ये काय लिहायचं?

२६ मे २०२३ ला समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. सिन्नर तालुक्यातून जाणारा रस्ता. अशा कामांवर बॅचिंग प्लांट असतो, माल वजनाने मोजला जातो, आणि ट्रान्झिट मिक्सरला मानकाची मुदत असते: माल भरल्यापासून २ तासांत तो उतरवायचा. वेळ, प्रमाण आणि चाचणी, तिन्ही लिहिलेलं. मोठ्या ठेकेदाराकडे हे लिहायला माणसं असतात. वसाहतीतल्या छोट्या गाळ्यात ते मालकालाच लिहावं लागतं.

तेव्हा आतापर्यंतचा इतिहास एका पानावर उतरवायचा तर असा. माल कोणता, त्याची घनता आणि दाटी किती, दाणे केवढे. एका घाण्याला तयार माल किती हवा, आणि भांडं त्यासाठी कितपत भरलेलं असेल. मिसळायला, रिकामं करायला आणि धुवायला मिळून किती वेळ चालेल. पंख्याचा व्यास, फेऱ्या आणि मोटर, तिन्ही. आणि शेवटी स्वीकारण्याची चाचणी: तुमचाच माल घालून, ठरलेल्या मिनिटांनी, किती ठिकाणचे आणि केवढे नमुने काढायचे, त्यांच्यात किती फरक चालेल, आणि ही चाचणी होईपर्यंत किती टक्के पैसे थांबवायचे.

शेवटची ओळ विकणाऱ्याला आवडत नाही. पण चांगला विकणारा ती वाचून आधी चार प्रश्न विचारतो, आणि तेच प्रश्न तुमचा खर्च वाचवतात. प्रश्न न विचारता लगेच 'हो, जमेल' म्हणणाऱ्याकडून आणखी एक कोटेशन मागवण्याआधी थोडं थांबा.

तुमच्या गावात, गडावर किंवा जुन्या वाड्यामागे चुन्याची घाणी असेल तर चराची रुंदी मोजून आम्हाला कळवा. पाठ्यपुस्तकातल्या ३० सेंटिमीटरशी ती जुळते का, ते पुढच्या एखाद्या भागात बघू. भेटूया.