कुलुपाची परीक्षा

आपल्या व्यवसायाच्या इतिहासावर स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी मंडळाच्या चिटणीसांची सूचना आली, तेव्हा नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड हे नेहमीचे विषय प्रथम डोळ्यांसमोर आले. परंतु लोहाराच्या हातून घडणाऱ्या वस्तूंमध्ये बळापेक्षा बुद्धीची कसोटी जिथे अधिक लागते, ती वस्तू कुलूप होय. त्याच्या सुधारणेचा इतिहास बव्हंशी इंग्लंडात घडला. तथापि तो आपल्या मुलांनी अवश्य वाचण्याजोगा आहे, कारण एका लोहारशाळेतील पोराचा त्यात मोठा वाटा आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील कुलुपे बाहेरून भव्य, पण आतून भोळी होती. किल्लीच्या वाटेत लोखंडी पट्ट्यांचे अडथळे ठेवीत आणि ते चुकतील अशा खाचा किल्लीला पाडीत. घासून बारीक केलेली एखादी किल्ली त्या अडथळ्यांना सहज वळसा घाली. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन याने कुलुपात तरफा बसविल्या. प्रत्येक तरफ नेमक्या उंचीपर्यंतच उचलली गेली पाहिजे. कमी चालत नाही, अधिकही चालत नाही. बाजारात आपण ‘सहा लिव्हरचे कुलूप’ मागतो, त्याचे मूळ हे.

पुढे १७८४ मध्ये जोसेफ ब्रामा या मूळच्या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाने नळीसारख्या किल्लीच्या कुलुपाचा हक्क नोंदविला. कल्पना उत्तम होती, पण तिला लागणारी अचूकता हाताने साधेना. तेव्हा वुलिचच्या शस्त्रागारातील लोहारशाळेत शिकलेला हेन्री मॉड्स्ले हा अठरा वर्षांचा तरुण त्याच्याकडे आला. कुलुपाचे भाग बिनचूक घडविणारी यंत्रे त्याच्या हातून तयार झाली. ब्रामाने पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेविले आणि ते उघडणारे हत्यार जो बनवील त्याला २०० गिनी देण्याचे जाहीर केले. फलकावर नाव ब्रामाचे, हात मॉड्स्लेचा! आठवड्याच्या तीस शिलिंगांवर त्याने वाढ मागितली, ती नाकारली गेली आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले. पुढे यंत्रे घडविणाऱ्यांचा तो गुरूच ठरला. कारागिराला थोडक्यासाठी दुखवू नये, हे मालकांना अजूनही उमगलेले दिसत नाही.

१८१८ मध्ये चब यांचे कुलूप निघाले. कोणी ते लबाडीने उघडू पाहिले, तर आतली एक तरफ अडकून मालकाला त्याची खूण मिळे. तुरुंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या जहाजावर एक कुलूपकार कैदी होता. ते उघडल्यास त्याला माफी आणि शंभर पौंड देऊ केले. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

अशा रीतीने इंग्रज निर्धास्त झाले असता १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. त्यास आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार आला. २२ जुलै रोजी त्याने पंचांसमक्ष एका तिजोरीखोलीच्या दारावरील चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, आणि सात मिनिटांत पूर्ववत लावूनही दाखविले. मग तो ब्रामाच्या खिडकीतील कुलुपाकडे वळला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास तो खपला. दांड्यावर सतत दाब ठेवावयाचा, कोणती पट्टी अडते ते बोटांनी ओळखावयाचे, ती सोडवून दुसरीकडे जावयाचे, अशी ती विद्या. ब्रामाच्या वारसांनी तक्रार केली, पण पंचांनी २०० गिनी हॉब्जला देवविल्या.

वर्तमानपत्रांत मोठा वाद माजला. असले दोष चव्हाट्यावर मांडणे म्हणजे चोरांना शिकविणे, असे पुष्कळांचे मत पडले. हॉब्जच्या पक्षाचे म्हणणे असे की, चोर आपल्या धंद्यात आधीच पारंगत असतात. अंधारात राहते ते गिऱ्हाईक. मला हेच पटते. त्या फजितीनंतरच चब आणि इतरांनी आपली कुलुपे सुधारली. आपल्याकडे धंद्यातील खुबी शेजाऱ्यापासूनच काय, पण पुतण्यापासूनही झाकून ठेवण्याची रीत होती. त्यामुळे ती खुबी जाणणारा गेला की ती त्याच्याबरोबरच जाई.

हॉब्जने पुढे लंडनलाच यंत्रावर कुलुपे काढण्याचा कारखाना घातला. इकडे विलनहॉल गावी घरोघरी हातकाम चाले. वाकून कानस घासता घासता तेथील कारागिरांच्या पाठीला कुबड येई, आणि गावाला नावही तसेच पडले होते. यंत्र आले म्हणून हळहळताना ही पाठ विसरता कामा नये.

मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून, शस्त्रक्रियेची हत्यारे करून पाहिल्यावर, १८९७ मध्ये लालबागला छोट्या छपरात कुलुपांचे काम आरंभिले. घरफोड्यांच्या बातम्यांनी त्यांचे लक्ष इकडे वेधले होते. १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्या त्यांच्याच विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. बाहेरून कुलूप लावावे तर किंमत परवडेना. तेव्हा पेटीच्या आतच बसणारी कळ सुचविली ती पांचाळ आडनावाच्या एका कामगाराने.

तमिळनाडूतील दिंडीगलच्या हातघडीच्या कुलुपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. आपल्या गावोगावच्या वाड्यांवर असलेली कुलुपे कोणी घडविली, याची मात्र नोंद नाही. ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या हातचे कुलूप असल्यास त्याचे छायाचित्र, ते करणाऱ्याचे नाव, गाव आणि ते कसे उघडते याची माहिती मंडळाच्या दप्तरी द्यावी. किल्ली हरवली असली तरी हरकत नाही.