गंगाजळाचे घट आणि पारपत्र

जयपुरास कोणी आप्तेष्ट आले की आम्ही मराठी मंडळी त्यांना प्रथम सिटी पॅलेस दाखवावयास नेतो. तेथील दिवाण-इ-खासमध्ये चांदीचे दोन प्रचंड घट उभे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे ३४५ किलो. पोटात चार हजार लिटर पाणी सहज मावावे. पाहुणे त्यांच्या आकाराने थक्क होतात. आम्हांस मात्र त्यांत समुद्रगमनाच्या परवान्याचा इतिहास दिसतो.

सन १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराजा सवाई माधोसिंह (दुसरे) विलायतेस निघाले. धर्म बुडू नये म्हणून त्यांनी 'ऑलिंपिया' ही आगबोट खास ठरविली आणि या घटांतून गंगाजळ बरोबर नेले. त्या काळी विलायतेस जाण्यास पारपत्राची सक्ती नव्हती. वाट अडविणारी होती ती रूढी. १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांना तर सेरामपूर येथे जाहीर भाषण करून स्वकीयांच्या शंकांचे निरसन करावे लागले होते.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. सरकारी पारपत्रावाचून बोटीवर पाऊल ठेवणे अशक्य झाले. १९१८ च्या वसंतात लोकमान्य टिळक, न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे प्रभृती मंडळी स्वराज्याची मागणी मांडण्यासाठी विलायतेस जावयास निघाली. ती कोलंबोपर्यंत पोहोचलीही. परंतु तेथे त्यांची पारपत्रे रद्द झाल्याची आज्ञा आली आणि सर्वांस परतावे लागले. पुढे त्याच वर्षी चिरोलवरील खटल्यासाठी लोकमान्यांस जाऊ दिले, तेही राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. समुद्र तोच होता. रूढीच्या जागी आता सरकार उभे होते.

१९२० साली पारपत्राचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे ही बराच काळ सरकारची मर्जीच मानली जाई. अखेर एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी नवा पारपत्र कायदा आला आणि पारपत्र नाकारावयाचे तर कायद्याने सांगितलेले कारण देणे सरकारास भाग पडले.

आज आमची मुले-नातवंडे सातासमुद्रापार जातात. कोणी हौसेने जहाजाची सफर करतात. मुंबईहून गोव्यास जावयाचे तर ओळखपत्र पुरते, परदेशी बंदर गाठावयाचे तर पारपत्र हवे. मुदत संपत आली की नूतनीकरणाची धावपळ होते, आणि रांगेत उभे राहताना आम्हीही कुरकुरतो. अशा वेळी कोलंबोहून परतलेल्या त्या मंडळींचे स्मरण व्हावे. ज्या कागदासाठी लोकमान्यांस अट मान्य करावी लागली, तो आज आमच्या घरातील पोरासोरांस हक्काने मिळतो.

मुलूख सोडून येथवर येताना आमच्या वाडवडिलांस कोणाचे पारपत्र लागले नाही. पुढच्या पिढीच्या हाती ते आहे. त्याचे मोल तिला सांगणे हे मात्र आमचे काम.