एका ‘ऑफिसा’ची चार घरे

‘ऑफिस’ हा इंग्रजी शब्द मूळचा लॅटिन; तिथे त्याचा अर्थ कर्तव्य. इंग्रजीत हुद्दाही ऑफिस आणि हुद्देदार बसतो ती जागाही ऑफिसच. कर्तव्य मागे पडून खुर्ची कधी पुढे सरकली, ते साहेबच जाणे! आपल्या मराठवाड्यात या पाहुण्याला उतरायला चार घरे: कचेरी, दफ्तर, हापिस आणि कार्यालय.

यांत खरा प्रवासी दफ्तर. ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कातडे. त्यावर लिहीत असत. तिथून अरबी-फारशीत येऊन तो शब्द नोंदवही झाला. पुण्याचे पेशवे दप्तर म्हणजे कागदांचे रुमाल. नांदेड-लातुराकडे निजामी अमलात दफ्तर म्हणजे सरकारी कचेरीच. आणि आमच्या वर्गातल्या पोराच्या खांद्यावर तेच दप्तर पाटी-पुस्तकांची पिशवी होऊन लोंबते.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि पाट्यांवर ‘कार्यालय’ चढले. मंगल कार्यालय नि तहसील कार्यालय नावाचे भाऊ झाले; एकात अक्षता पडतात, दुसऱ्यात खेटे.

पाटी बदलली, पण आतले जुने कागद उर्दू नि मोडीतच राहिले. आजोबांच्या जमिनीचा कागद हाती येऊनही नातवाला वाचता येईना. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा घरच्या दाखल्याची ती एक ओळ लावून देणाऱ्या मोडी-उर्दूच्या जाणकारांची शोधाशोध सुरू झाली.