घरमाशी आणि प्रतिजैविकरोधी जीवाणू : अहिल्यानगर जिल्हा

घरमाशी (मस्का डोमेस्टिका, नामकरण लिनीअस, १७५८) हा प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू एका जागेवरून दुसरीकडे नेणारा कीटक आहे. ती चावत नाही, म्हणून डासाइतकी धास्ती तिची कोणी घेत नाही. ही बेफिकिरी घातक आहे.

माशीला घट्ट पदार्थ खाता येत नाहीत. ती लाळ आणि अन्नपुटातला द्रव अन्नावर ओकते, ते विरघळवून शोषते आणि बसल्या जागी विष्ठाही टाकते. त्यामुळे पायांच्या केसांना चिकटलेल्या जंतूंपेक्षा तिच्या आतड्यातले जंतू अधिक काळजीचे आहेत. ते तिथे काही दिवस टिकतात. शिवाय एका जीवाणूतले प्रतिरोधाचे जनुक माशीच्या पचनमार्गात दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकते, हे प्रयोगांत दिसले आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. संगमनेर, राहाता, राहुरी या पट्ट्यात संकरित गाईंचे गोठे आहेत, पोल्ट्रीच्या शेड आहेत आणि साखर कारखान्यांचे प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) आहे. माशीला अंडी घालायला असाच ओलसर, कुजणारा माल लागतो. दगडी (कासदाह) झालेल्या गाईच्या कासेत प्रतिजैविक सोडतात, कोंबड्यांनाही ते खाद्यापाण्यातून दिले जाते. औषधाच्या माऱ्यातून तगलेले जीवाणू शेणात आणि कोंबडीखतात उतरतात, आणि माशीच्या अळ्या तिथेच वाढतात. माशी सहज एक-दोन किलोमीटर उडते. गोठा, कचरा डेपो, दवाखाना, रसवंती आणि भेळेची गाडी हे सगळे तिच्या एका टप्प्यात येते. यात्रेकरूंनी भरलेल्या शिर्डीसारख्या गावात उघड्यावरचे अन्न म्हणूनच जास्त जोखमीचे.

माशीवर जीवाणू सापडला म्हणजे माणूस आजारी पडलाच असे नाही. पण पुरावा दुर्लक्षिण्यासारखा नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९२ मध्ये रुग्णालयातल्या माश्यांवर अनेक औषधांना न जुमानणारे क्लेबसिएला जीवाणू नोंदवले. चीनमधील पोल्ट्री फार्मच्या माश्यांत कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांना रोधणारे एनडीएम आणि कोलिस्टिनरोधी एमसीआर-१ ही जनुके आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटच्या फळीतले औषध. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

फवारणीवर भिस्त ठेवता येत नाही. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या १९४० च्या दशकातच युरोपात दिसल्या. खरा उपाय उकिरड्यापाशी आहे. कोंबडीखत कोरडे ठेवावे, शेणाचा ढीग प्लॅस्टिकने घट्ट झाकावा, ओला कचरा रोज घंटागाडीत जावा. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला सुमारे सात ते दहा दिवस लागतात, म्हणून उघडे शेण आठवड्यातून दोनदा तरी उचलावे.